जुन्या साडीचं पायपुसणं : वेणी घाला, हिशोबही घाला



जुनी सुती साडी टाकून देणारी बाई आपल्या गावात सापडायची नाही. मऊ लुगड्याची गोधडी होते, उरलेल्याची दुपटी होतात, काही साड्या भांडीवालीला जातात. तरी पेटीच्या तळाशी विटक्या, फाटक्या साड्या राहतातच. त्यांचं वेणीचं पायपुसणं कसं करायचं ते आज शिकू. मशीन लागत नाही. कात्री, जाड सुई, मजबूत दोरा आणि सपाट जमीन एवढं पुरे.

कापड निवडा. पायपुसण्यानं पाणी टिपलं पाहिजे, म्हणून सुती कापडच घ्या. शंका आली तर दोन धागे चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. सिंथेटिक वितळून त्याची कडक गोळी होते. दोन्ही प्रकार एकाच पायपुसण्यात घालू नका. धुतल्यावर सुती आटतं, दुसरं आटत नाही, आणि पायपुसणं वाकडं होतं. गडद रंगाचं कापड आधी वेगळं भिजवा. पाण्यात रंग उतरत असेल तर ते फिक्या रंगासोबत वापरू नका.

चिंध्या कापा. पातळ साडी असेल तर ३ इंच रुंद, चादरीसारखं जाड कापड असेल तर २ इंच. काठ जाड असतो, तो वेगळा काढा. चिंधी संपली की गाठ मारू नका, ती पायाला टोचते. दोन्ही चिंध्यांच्या टोकाला अर्धा इंच सोडून लहान चीर द्या. जुन्या चिंधीचं टोक नव्या चिंधीच्या चिरेतून ओवा. मग नव्या चिंधीचं दुसरं टोक जुनीच्या चिरेतून काढून हलकेच ओढा. जोड घट्ट बसतो.

वेणी घाला. तीन चिंध्या, तिपेडी वेणी, लेकीच्या केसांची घालतो तशीच. तीनही चिंध्या कमी-जास्त लांबीच्या ठेवा, म्हणजे सगळे जोड एका जागी येणार नाहीत. ताण सारखा हवा. एका वेणीवर दोघींनी हात चालवला तर एक भाग घट्ट आणि एक सैल होतो, म्हणून सुरू करील तिनंच ती वेणी संपवावी.

गुंडाळा आणि शिवा. लांबट पायपुसण्यासाठी लांबीतून रुंदी वजा करा. २४ इंच लांब आणि १६ इंच रुंद हवं असेल तर मधली सरळ वेणी ८ इंचांची. तिच्याभोवती बाकीची वेणी फिरवत शेजारच्या वेणीला शिवत जा. काम मांडीवर घेऊ नका, जमिनीवर ठेवूनच शिवा. मधे खळगा पडून कडा वर उचलल्या, तर वळणावर वेणी ओढली गेली आहे. कडेला झालरीसारख्या लाटा आल्या, तर वेणी जास्त सैल सोडली आहे. दोन्ही वेळा बिघडलं तिथपर्यंतच उसवा, सगळं नाही. गुळगुळीत फरशीवर पायपुसणं सरकतं आणि म्हातारं माणूस पडू शकतं. त्यामुळे खालून न घसरणारी रबरी जाळी शिवा, आणि विकताना गिऱ्हाइकालाही सांगा.

आता हिशोब. इथंच आपण फसतो. "साडी घरची, हात घरचे, मग मिळेल तो नफाच," असं म्हणतो. पण ती साडी भांडीवालीला दिली असती तर पातेलं आलं असतं. तिचीही किंमत धरा.

समजा, साडी, दोरा आणि साबण मिळून ३० रुपये गेले. कापण्यापासून शिवण्यापर्यंत ५ तास लागले. पायपुसणं ८० रुपयांना गेलं. हाती उरले ५० रुपये, म्हणजे तासाला १० रुपये. आपल्या गावच्या निंदणीच्या मजुरीशी हा आकडा ताडून बघा. तीच वस्तू १३० रुपयांना गेली, तर तासाला २० पडतात. भाव वाढवता येत नसेल तर वेळ कमी करा. एकीनं दिवसभर कापायचं, दोघींनी वेण्या घालायच्या, हात साफ असलेलीनं शिवायचं.

एवढं करूनही मजुरी सुटत नसेल, तर घरापुरतं करा. त्यात कमीपणा नाही. पण दहा नग विकले जाण्याआधी या कामासाठी गटातून कर्ज काढू नका. हप्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक येईलच असं नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक पायपुसणं घेऊन या. सोबत चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कापडाचं वजन, लागलेले तास आणि झालेला खर्च. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, पण तास स्वतः मोजा. सगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून भाव गटानं मिळून ठरवायचा. एकदा ठरला की बाजारात कुणी एकटीनं तो पाडायचा नाही.