कानात थेंब घालण्याआधी

ऐकू कमी येतंय म्हणून थेट मेडिकलमध्ये जाऊन ‘कानाचे थेंब द्या’ म्हणू नका. आधी कानात डॉक्टरांनी बघायला हवं. कान-नाक-घसा तज्ज्ञाची खासगी फी शहरात साधारण ५०० ते १,००० रुपये. राज्याच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. सकाळच्या ओपीडीला जा. आधार कार्ड, जुने कागद आणि चालू गोळ्यांची यादी न्या.

मळ घट्ट बसला असेल तर थेंबांचा खरा उपयोग. बाटली शंभर रुपयांच्या आत-बाहेर. थेंब मळ मऊ करतात, काढत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस कान आणखी दडल्यासारखा वाटतो, घाबरू नका. चार-पाच दिवसांनी मळ काढून घ्यायला पुन्हा जावं लागतं, आणि खरा खर्च इथे असतो. सक्शनचे, म्हणजे यंत्राने मळ ओढून काढण्याचे पैसे वेगळे का, एका कानाचे की दोन्ही, दुर्बिणीचे निराळे का, हे खुर्चीत बसण्याआधी विचारा. पावती घ्या. कानकोरणं, हेअरपिन, स्टेशनबाहेरचा कान साफ करणारा, तिन्ही टाळा.

कान वाहतोय, किंवा पूर्वी कधी फुटला होता? मग मळाचे थेंब, गरम तेल काहीच घालू नका. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन त्या मानाने सुरक्षित, पण तेही चिठ्ठीवरच.

वयामुळे किंवा कारखान्यातल्या आवाजाने नस कमजोर झाली असेल तर कुठलाही थेंब, कुठलंही तेल ऐकू आणत नाही. जाहिरात काहीही म्हणो. तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करायची. श्रवणयंत्राच्या दुकानातली ‘फुकट टेस्ट’ शक्यतो नको. ती यंत्राच्या किमतीत वसूल होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी करून घ्या.

एका रात्रीत एक कान बंद पडला, तर थेंब घालून आठवडा काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टिरॉइड लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर उपयोग होण्याची शक्यता जास्त.

थेंब घालताना बाटली मुठीत धरून कोमट करा. गार थेंबांनी गरगरतं. पाच मिनिटं कुशीवर पडून राहा. उघडून महिना झालेली बाटली फेका, शेजाऱ्यांना देऊ नका.