तीन भोकांचं सॉकेट, दोनच वायरी

प्रश्न : आमचं घर जुनं, वाड्यातलं. फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की मुंग्या येतात. सॉकेट बदलावं म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "काकू, सॉकेट बदलून काय उपयोग? घरात अर्थिंगच नाही." दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "बोर्डातच वायरचा एक तुकडा जोडतो, दहा मिनिटांत मुंग्या बंद." सॉकेटला तीन भोकं आहेत, मग अर्थिंग नाही म्हणजे काय? आणि ऐकायचं कोणाचं? — एक वाचिका, सातारा

उत्तर : पहिल्याचं. दुसऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून दोनच वायरी फिरवलेल्या असत, फेज आणि न्यूट्रल. दिवे-पंख्यांपुरतं ते चालून गेलं. पुढे मिक्सर आला, फ्रिज आला, त्यांच्या तीन पिना कुठेतरी घुसायला हव्यात म्हणून सॉकेटं बदलली गेली. वायरी मात्र दोनच राहिल्या. सॉकेटच्या मागे तिसरा स्क्रू असतो, त्याला हिरवी वायर यावी लागते आणि ती थेट जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत किंवा प्लेटपर्यंत जावी लागते. तुमच्याकडे तो स्क्रू कोराच असणार. वरून कीर्तन, आतून तमाशा!

फ्रिजच्या आतून थोडी वीज पत्र्यावर झिरपते. अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर कोणी हात लावायची वाट बघते. साधारण एक मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेलं हातातून सुटत नाही. पायात चप्पल आहे की ओली फरशी, एवढ्यावर हा फरक पडू शकतो. त्यामुळे पावसाळ्यात मुंग्या वाढल्या तर नवल नको.

आता तो "तुकडा". सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थिंगच्या स्क्रूवर एक छोटी वायर टाकतात. मुंग्या खरंच थांबतात, म्हणून तर गिऱ्हाईक खूश होतं. पण तुमच्या मीटरच्या फळीवर एकदा नजर टाका. तिथे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज दोन असतील, तर जुन्या पद्धतीप्रमाणे एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर आहे. समजा न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला. घरात अंधार होतो, सगळे म्हणतात लाईट गेली. प्रत्यक्षात फेज चालूच असतो. चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून तो न्यूट्रलच्या वायरीत उतरतो, पुढे परतीची वाट बंद, म्हणून त्या तुकड्यावरून फ्रिजच्या पत्र्यावर येतो. अंधारात मेणबत्ती शोधणाऱ्या माणसाचा हात फ्रिजवर पडला तर तिथे जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट असतात. कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर फ्यूज उडायचीही गरज नाही. मुंग्या घालवायला हा धोका घेणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको.

"आमच्याकडे एमसीबी आहे की!" असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. सहा-दहा अँपिअर ओलांडल्यावर हलणाऱ्या यंत्राला तुमच्या अंगातून जाणाऱ्या काही मिलिअँपिअरचं काय सोयरसुतक? त्यासाठी आरसीसीबी लागतं. गेलेली आणि परत आलेली वीज जुळत नाही असं दिसलं की ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. घरासाठी 30 मिलिअँपिअरचं घ्यावं. जुन्या वायरिंगवर ते बसवलं की सारखं पडतं, आणि लोक वैतागून काढून टाकतात. पडतंय म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. आरसीसीबी आलं म्हणून अर्थिंग टाळू नका. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच ते पडतं, नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर.

काम कसं होईल? वाड्याला अंगण आहे असं धरतो. तिथे खड्डा घेऊन जीआय पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, वर तोंड उघडं ठेवायचं म्हणजे उन्हाळ्यात पाणी ओतता येतं. तिथून हिरवी वायर मीटरजवळ आणि पुढे प्रत्येक सॉकेटपर्यंत. भिंती फोडायला लागत नाहीत, केसिंग-कॅपिंगची पट्टी मारून काम होतं. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी सोसायटीच्या मीटर रूममध्ये अर्थिंगची पट्टी आहे का ते बघावं.) फ्रिज-मिक्सरच्या पॉइंटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर, गीझरला चारची. दोन हजार वॅटचा गीझर साडेआठ अँपिअरच्या वर ओढतो, त्याला दिव्याच्या वायरीवरून फाटा देणाऱ्याला तिथेच थांबवा.

माणूस निवडताना पॉइंटमागे दर किती, हे आपण सगळ्यात आधी विचारतो. मी म्हणेन, सगळ्यात शेवटी विचारा. आधी वायरमनचा परवाना आहे का, की परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो, ते बघा. नव्या कनेक्शनला महावितरण ज्याचा टेस्ट रिपोर्ट मागते, तो असाच ठेकेदार असतो. मेन स्विच बंद न करता बोर्डात हात घालून दाखवणारा शूर असेल, पण आपल्याला शूर नको आहे.

काम झाल्यावर त्यालाच तपासून दाखवायला सांगा, स्वतः करू नका. टेस्टर इथे कामाचा नाही, तो फक्त फेज दाखवतो. वायरमन टेस्ट लॅम्प लावतो. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब पूर्ण उजेडात पेटला तर ठीक. आरसीसीबी असेल तर या चाचणीत ते पडेल, पडायलाच हवं. मात्र मघाचा तुकडा टाकलेला असेल तरी बल्ब तसाच लख्ख पेटतो! म्हणून मेन बंद करून एक सॉकेट उघडून दाखवायला लावा. तिसऱ्या स्क्रूची हिरवी वायर स्वतंत्रपणे पट्टीत जाताना दिसली पाहिजे, शेजारच्या स्क्रूवर नाही. तोवर फ्रिज वापरायचाच असेल तर कोरडे हात आणि पायात चप्पल. खरं तर प्लग काढून ठेवलेला बरा.

प्रश्न : प्लगची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : लांब असल्यामुळे ती सगळ्यात आधी आत जाते आणि सगळ्यात शेवटी बाहेर येते, म्हणजे यंत्रात वीज असेपर्यंत अर्थिंग जोडलेलं राहतं. जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या भोकात जात नाही. ही गोल पिनांची जात 1934 च्या बीएस 546 या ब्रिटिश मानकातली. ब्रिटनने 1947 मध्ये चपट्या पिनांचं मानक काढलं, आपण मात्र गोल पिनांवरच राहिलो. नव्या सॉकेटमध्ये या पिनेला आणखी एक काम असतं : ती आत गेली की खालच्या दोन भोकांवरची झडप उघडते. दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेनची रिफिल खुपसणारी मंडळी तीच झडप उघडत असतात, लहान मुलांच्या बोटांपासून वाचवायला बसवलेली.