गाठ, रक्तवाहिनी आणि दोन स्वस्त गोळ्या

बिबवेवाडीच्या आपल्या वसतिगृहात रविवारी पालक मुलांना भेटावयास येतात. फाटकाशी कोणी तंबाखू मळताना दिसला की आम्हांस तोंडाच्या कर्करोगाची धास्ती वाटते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. कारणांचा माग काढणे हेच आमचे काम. म्हणून कर्करोगाची गाठ वाढते कशी, हे येथे पाहू.

पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्तातून मिळते. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे सहसा वाढत नाही, हा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. पेशीतील ‘एचआयएफ’ हे प्रथिन एरवी तयार होताच नष्ट होते. प्राणवायू कमी पडला की ते टिकते आणि ‘व्हीईजीएफ’ या दुसऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढविते. हे दुसरे प्रथिन जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींना जाऊन चिकटते. त्या पेशी वाढू लागतात आणि वाहिनीला गाठीच्या दिशेने नवा फाटा फुटतो. जखम भरतानाही शरीर हाच संदेश वापरते. मात्र जखम भरल्यावर तो थांबतो, गाठीचा चालूच राहतो. पेशीला प्राणवायूची उणीव कशी कळते, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संदेश अडविणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु ते शिरेवाटे द्यावे लागते आणि महागही आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी निराळा मार्ग तपासला. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या त्यांनी अल्प मात्रेत, पण नियमित दिल्या. अशा उपचाराने नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखली जाते, अशी त्यामागील धारणा आहे. डोके व मानेचा कर्करोग बळावलेल्या ४२२ रुग्णांवरील ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेवाटे सिस्प्लॅटिन घेणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ६.१ महिने, तर गोळ्या घेणाऱ्या गटाचे ७.५ महिने भरले. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी आढळले.

वाढलेला काळ थोडा आहे आणि रोग बरा झालेला नाही. तरीही घरी घेता येणारी गोळी मजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचते. विद्या कोणाच्या दारी पोहोचली, हा प्रश्न आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. औषधाविषयीही तो विचारलाच पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांस व पालकांस विनंती एवढीच : तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, अथवा दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण असला, तर डॉक्टरांस लगेच दाखवावा. तंबाखूची पुडी आणि मशेरीची डबी आजच घराबाहेर काढावी.