भुईतील भेगा, माती आणि विहिरीची जागा

पाली येथे बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणारे अनेक यात्रेकरू जवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडांतही स्नान करतात. तेथील पाणी ऊन का, याचा विचार शेतकरी बंधूंनी अवश्य करावा. कारण विहिरीची जागा शोधण्यास त्याची मदत होते.

कोकणचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला. पुढे भूकवचावर ताण पडून हे थर पनवेलच्या परिसरात पश्चिमेकडे कलले व त्यांस लांब, उभ्या भेगा पडल्या. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकतात, तिला विभंग म्हणतात. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली उतरते, तेथील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते. वज्रेश्वरी, उन्हेरे, महाडजवळील सव, राजापूर अशी उन्हाळ्यांची रांगच कोकणात दक्षिणोत्तर आढळते. काही विभंग अद्याप जागृत आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेस भूकंप झाला, तेव्हा तेथील जमिनीवर भेगा उमटल्या होत्या.

भेगेच्या पट्ट्यातील खडक चुरडलेला असतो. त्यात हवा व पाणी शिरून तो लवकर झिजतो आणि तेथे खोल माती तयार होते. ओढेही पुष्कळदा याच कमकुवत रेषेने वाहतात व काठी गाळ टाकतात. म्हणून एकाच शिवारात एकीकडे उथळ वरकस, तर थोड्याच अंतरावर भाताचे ओलसर खाचर दिसते. वरकसावर ऐन, किंजळ वाढतात; ओल टिकते तेथे उंबर, जांभूळ, करंज फोफावतात. झाडांवरून भूजल ओळखण्याची ही रीत वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सांगितली आहे.

येथे पाऊस धो-धो पडतो. परंतु उतारावरून पाणी अंबा नदीवाटे धरमतर खाडीस जाते व वैशाखात पाड्यांवर हंडे रिकामे राहतात. यास्तव ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१. चैत्र-वैशाखात शिवार फिरून हिरवी झाडे, ओलसर जागा व झरे गावनकाशावर मांडावेत. अशी ठिकाणे एका सरळ रेषेत आल्यास खाली भेग असण्याचा संभव असतो.

२. ही केवळ खूण आहे, खात्री नव्हे. खर्च करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा तपासून घ्यावी.

३. शेततळे भेगेच्या रेषेवर घेऊ नये. पाणी झिरपून जाते. विहिरीच्या वरच्या अंगास मात्र असे झिरपणे उपकारकच ठरते. तेथे समपातळीत चर खणावेत.

४. झऱ्यावरील झाडी तोडू नये. झाडी गेली की माती वाहून जाते व भेगेची तोंडे गाळाने बुजतात.

५. पाणी कोमट वा मचूळ लागल्यास पिकास देण्यापूर्वी त्यातील क्षार तपासून घ्यावेत.

विहीर कोरडी गेली, तर कर्ज मागे उरते. कुदळ मारण्यापूर्वी एक उन्हाळा शिवार नीट पाहण्यात घालविला, तर तो वाया जात नाही.