पाव, पीठ, नाव आणि बस

गिरगावात राहून मराठी मुद्रितं तपासण्यात नोकरी गेली. दिसायला एक आणि मुळात वेगळे असे शब्द रोज भेटायचे. त्यातून जे हाती लागलं, ते असं :

१. नुसत्या अक्षरांवरून सोयरीक जुळवू नये. ‘पाव’च घ्या. वाण्याकडे ‘पाव किलो रवा’ मागतो, तो संस्कृत ‘पाद’, म्हणजे चौथा हिस्सा. बेकरीतून लादी आणतो, तो पोर्तुगीजांचा. त्याच्या मागे लॅटिन ‘पानिस’. फडके गणपतीच्या देवळात हात जोडून ‘पाव रे बाबा’ म्हणतो, तो ‘प्राप्’ धातूतला. तिघांची गोत्रं तीन. (‘पावणेसहा’ मात्र पहिल्याच घरातला : पाद उणे सहा.)

युरोपातही हाच घोळ आहे. फ्रेंच लोक पावाला जो शब्द वापरतात, त्याची अक्षरं पी, ए, आय, एन. तीच अक्षरं इंग्रज वाचतो आणि त्याला ‘दुखणं’ कळतं. फ्रेंच शब्द त्याच ‘पानिस’चा; इंग्रजी शब्द लॅटिन ‘पोएना’चा, म्हणजे दंडाचा. आपला लादीपाव आणि फ्रेंचांचा पाव भावकीतले निघाले, इंग्रजी दुखण्याशी त्यांचं काही नातं नाही.

२. शंका आली की लिंग विचारावं आणि प्रत्यय लावून बघावा. ती नाव, ते नाव. ‘नावेत’ पाणी शिरतं, ‘नावात’ चूक होते. एक ‘नौ’पासून आलं, दुसरं ‘नामन्’पासून. इंग्रजीतले ‘नेव्ही’ आणि ‘नेम’ हे अनुक्रमे या दोघांचे लांबचे भाऊबंद. इतक्या दूर जाऊनही दोन्ही घराणी वेगळीच राहिली.

३. लिंगाने भागलं नाही, तर ऱ्हस्व-दीर्घाकडे वळावं. माझ्या मते मराठीतली ही सगळ्यात देखणी खूण. गिरणीतून आणतो ते पीठ आणि शंकराचार्यांचं पीठ, दोन्ही नपुंसकलिंगी. पण पहिलं ‘पिष्ट’पासून झिजत आलेलं, दुसरं संस्कृतातून जसंच्या तसं उचललेलं. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दातला उपान्त्य दीर्घ ईकार प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, तत्सम शब्दातला तसाच राहतो. म्हणून ‘पिठात’ अळ्या होतात आणि ‘खंडपीठाने’ स्थगिती दिली. ‘खंडपिठाने’ असं छापून येतं, तेव्हा न्यायमूर्ती दळायला बसल्यासारखे वाटतात. लोक या नियमांना नावं ठेवतात. त्यातला हा एक तरी जपावा.

४. काही शब्दांना बोलण्याचा सूरच वेगळं करतो. ‘बस’ म्हणजे खाली टेक, तो संस्कृत ‘उपविश्’मधला. ‘बस झालं!’ हा फारसीतला. आणि स्टॉपवर जिची वाट पाहतो ती बस म्हणजे लॅटिन ‘ऑम्निबस’, ‘सर्वांसाठी’, या शब्दाचं नुसतं शेपूट. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. तेव्हापासून ‘बसमध्ये बसायला जागा नाही’ हे वाक्य सुरू झालं असावं.

५. संगणकावरचा शुद्धिचिकित्सक यातलं काही पकडत नाही. त्याच्या लेखी तिन्ही ‘पाव’ शुद्ध. या कामात नव्याने येणाऱ्यांनी एवढंच करावं : शब्द सुटा तपासू नये, वाक्य शेवटपर्यंत वाचावं, आणि टेबलावर एक छापील कोश ठेवावा, ज्यात मूळ दिलेलं असेल.