मेंदूच्या दुखण्यात 'बी' काविळीची तपासणी कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे. मध्यंतरी तिला झटके आले. एमआरआय साफ आला, तरी डॉक्टर म्हणतात, हे ल्यूपसमुळेच. आता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करायची आहेत, पण त्याआधी हेपेटायटिस बीची तपासणी सांगितली आहे. तिला कधी कावीळ झालेली नाही. मग ही तपासणी कशाला?
— एक वाचक, भिलाई

उत्तर : एमआरआय साफ आला म्हणून मेंदू सुटला, असं ल्यूपसमध्ये धरता येत नाही. पक्षाघात, गाठ, जंतुसंसर्ग यांपैकी काही नाही ना, हे पाहायला तो करतात. बाकीचं निदान लक्षणांवरून आणि इतर तपासण्यांवरून करावं लागतं.

आता काविळीचं. हेपेटायटिस बी झाल्याचं अनेकांना कळतही नाही. डोळे पिवळे न होताही तो होऊन जातो. माणूस बरा झाला तरी विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींच्या केंद्रकात राहतो. त्याला दाबून ठेवते ती आपली प्रतिकारशक्ती. स्टेरॉइडचा मोठा डोस, सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब दिलं की ही पकड सुटते आणि विषाणू गुपचूप वाढतो. खरं नुकसान बहुधा पुढे होतं. औषध कमी केल्यावर प्रतिकारशक्ती परत येते आणि विषाणू शिरलेल्या यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. त्यात यकृत निकामी होऊन माणसं दगावलेली आहेत. रिटुक्सिमॅबच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये ठळक चौकटीतला इशारा दिला, तो यासाठीच.

म्हणून रक्तात फक्त सरफेस अँटिजेन (विषाणूच्या आवरणाचा अंश) पाहून थांबू नका, कोअर अँटिबॉडीची तपासणीही करून घ्या. जुना संसर्ग कित्येकदा तिच्यातूनच कळतो. सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह आला तरी घाबरू नका. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी आधीपासून दिली, की विषाणू सहसा डोकं वर काढत नाही. ल्यूपसने मूत्रपिंडालाही धक्का दिला असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण टेनोफोव्हिरचा नेहमीचा प्रकार मूत्रपिंडाला जड जातो. ल्यूपसचं औषध संपलं म्हणून ही गोळी मनाने बंद करायची नाही. रिटुक्सिमॅबनंतर ती वर्षभर तरी चालू ठेवतात.

खर्चाची काळजी असेल तर दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हेपेटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपेटायटिस बीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या तर लस कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. रिटुक्सिमॅबनंतर ती नीट लागू पडत नाही. मात्र झटक्यांवरचे उपचार लशीसाठी अडवून ठेवू नका.