आधी ऐकून घ्या

पालकसभा संपली की एखादी आई हमखास मागे रेंगाळते आणि विचारते, "ताई, हे काम तुम्हाला सोसवतं तरी कसं?" लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसोबत मी पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत असते. सोसवत नाही, खरंच. तरी सोडवतही नाही, आणि त्याचं कारण तुम्हा आईबाबांपाशीच आहे.

यातल्या बऱ्याच मुलांनी आधी घरात सांगून पाहिलेलं असतं. पण आडून, अर्धंमुर्धं. "मला त्या काकांच्या शिकवणीला नाही जायचं," एवढंच. एका आईने तेवढ्यावर हातातलं लाटणं ठेवलं, गॅस बंद केला आणि लेकीशेजारी फरशीवर बसकण मारली. विचारलं काहीच नाही. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत बऱ्याच वेळाने पोर बोलायला लागली. ती आज छान शिकतेय. "अभ्यास नको म्हणून बहाणे करतेस," हे ऐकून मिटून गेलेली मुलंही मला भेटतात, कधी कधी फार उशिरा. ती भेटली की मला घरी स्वस्थ बसवत नाही.

"आमच्या ओळखीत असं कुणी नाही," असं कृपा करून म्हणू नका. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले निघाले. आणि अत्याचार सोसलेल्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहायचे दिवस नाहीत. घरी येणाऱ्या कुणालाही "पापी दे" म्हणून मुलांना पुढे ढकलणं तर आजच थांबवा.

चार लोकांत बदनामी होईल, ही भीती मी रोज ऐकते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात येत नाहीत, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. उलट माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. फोन करा. तोवर मुलाला एवढंच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." आत्या, मामा, शेजारीण असं एकेकापुढे उभं करून तेच तेच वदवून घेऊ नका.